माझ्याकडून झालं

आमच्या घरात खाली बसण्यावरून चढाओढ चालायची. नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात, पण खरं आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या शहापूरच्या भाड्याच्या घरात मेळ्याची बैठक भरे आणि येणारा प्रत्येक जण उंबऱ्यापाशी, काढलेल्या चपलांच्या शेजारी बसायला धावे. भिंतीलगतची सतरंजी, जिथे खिडकीचा वारा येई आणि पाठ टेकता येई, ती रिकामी राहायची. मोठाली माणसं दाराच्या दोन हात जागेत गुडघे मुडपून दाटीवाटीने बसलेली असत. कुणी म्हणे, “तुम्ही पुढे व्हा हो, मी इथेच बरा,” तर दुसरा म्हणे, “छे, मी लहान माणूस, माझी जागा हीच.” आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणायची, “अहो, कुणीतरी जरा नम्रता सोडा आणि आत सरका. मला हंडा घेऊन विहिरीवर जायचंय.” मग सगळे हसायचे, पण हलायचं कुणी नाही.

मेळा हा शब्द आमचा. आम्ही कॅथलिक, मूळचे वसईकडचे. बाबा शेणव्याला प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून आले आणि शहापूरला बिऱ्हाड करून राहिले. आमच्यासारखी पाच-सहा घरं शहापूर-मुरबाडच्या टापूत विखुरलेली होती. कुणी सुतार, कुणी नर्स, कुणी एसटीच्या डेपोत. ही सगळी संसारी माणसं, पण असिसीच्या संत फ्रान्सिसच्या वाटेने जगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. झगा घालून मठात जायचं नाही. घर, नोकरी, पोरंबाळं सांभाळूनच साधं राहायचं, कुणाला तोडून बोलायचं नाही, आपण सगळ्यांत धाकटे असं समजून वागायचं. फ्रान्सिसने आपल्या सोबत्यांना धाकटे भाऊ म्हटलं होतं ना, म्हणून आमच्याकडे धाकटेपणाला फार भाव. जो कुणी दोन-तीन वर्षं नेमाने मेळ्यात येई, त्याला संताच्या सणाला सगळ्यांसमोर वचन देता येई, आणि वचन दिलं की गळ्यात टाऊ घालायला मिळे. टाऊ म्हणजे डोक्यावर आडवी पट्टी असलेला लाकडी क्रूस, सुतळीत ओवलेला. बाबांचा टाऊ घामाने काळा पडला होता आणि आंघोळीलाही तो उतरत नसे.

बाबांचं सगळंच पराकोटीचं. कंबर दुखायला लागली की ते म्हणत, “आज गाढवभाऊ कुरकुरतोय.” गाढवभाऊ म्हणजे त्यांचं स्वतःचं शरीर. विहिरीचं पाणी पाणीताई, चूल अग्निभाऊ, आणि माळ्यावरचे उंदीरसुद्धा कुणीतरी नातेवाईकच. आई या बाबतीत बाबांपेक्षा शहाणी होती. “तुमच्या त्या भावांनी तांदळाचं पोतं फाडलंय,” असं ती सांगे आणि पिंजरा लावे. घर एसटी स्टँडच्या मागच्या आळीत होतं. दिवसभर गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरची दुहेरी घंटी, ‘किन्हवली, किन्हवली, मुरबाड’ असा पुकारा आणि पलीकडच्या भातगिरणीची फटफट. गिरणी बंद पडली की आम्ही दचकायचो. बैठकीच्या दिवशी जेवण रोजचंच करायचं, पाहुण्यांसाठी वेगळा पदार्थ नाही, असा मेळ्याचा नेम होता. म्हणून वालाचं बिरडं, भात, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. पण आई वसईची. कुणी आलं आणि पानात मासळी नाही, हे तिला सोसत नसे. ती वाढताना बाबांच्या जुन्या मित्रांच्या भाताखाली चार कोळंब्या लपवायची आणि ते बिचारे घास उचलला की गोंधळून इकडेतिकडे पाहायचे.

या लपवलेल्या कोळंब्या पुढच्या महिन्यात बाहेर यायच्या, कारण बैठकीत प्रार्थना संपली की ‘सांगणं’ असे. महिन्याभरात आपल्या हातून जे चुकलं असेल ते ज्याने त्याने सगळ्यांपुढे सांगायचं. सुरुवात ठरलेली: “माझ्याकडून झालं.” आई म्हणे, “माझ्याकडून झालं. मी भाताखाली कोळंबी लपवली.” त्यावर बाकीच्यांनी एकसुरात म्हणायचं, “आमच्याकडूनही होतं.” झालं, विषय संपला. उपदेश नाही, प्रश्न नाही, बाहेर गेल्यावर चर्चा नाही. बाबांनी एकदा सांगितलं होतं, “माझ्याकडून झालं. मी वर्गात एका पोराला ढ म्हणालो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पोराची माफीही मागितली, आणि तो पोरगा इतका घाबरला की चार दिवस शाळेतच आला नाही. सांगण्याचा नियम एकच होता, पण कडक. ज्याचं त्यानेच सांगायचं. दुसऱ्याचं नाव नाही, दुसऱ्याची गोष्ट नाही. आम्हा मुलांना सांगण्याच्या वेळी अंगणात पिटाळत. आतून तो एकसुरातला ‘आमच्याकडूनही होतं’ ऐकू आला की मला वाटे, आपण कधी मोठं होणार आणि आपल्याला कधी काही सांगता येणार.

सुमनताई मेळ्यात आली तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. मुरबाडच्या आंतोन सुताराची ती बायको. माहेर शेणव्याच्या पुढच्या एका पाड्यावर, भातशेती करणारं हिंदू घर. आंतोन तिच्या गावात शाळेच्या खिडक्या बसवायला गेला होता आणि दोघांचं जमलं. तिने बाप्तिस्मा घेतला, क्लारा हे नाव मिळालं, पण बाबा तिला सुमनच म्हणत. नाव बदलल्याने माणूस काही नवं होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. भावाने मात्र घराचं दार तिला बंद केलं. हे सगळं मला त्या वयात अर्धवटच ठाऊक होतं. मला माहीत होती ती तिची मोठ्याने हसण्याची सवय, आणि मुरबाडहून येताना पळसाच्या पानांत बांधून आणलेली भाजी. कधी करटुली, कधी शेवळं. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, त्यात काकडाची आंबट फळं घालावी लागतात, हे वसईच्या माझ्या आईला तिने शिकवलं. मेळ्यात आली त्या पहिल्याच दिवशी ती सरळ भिंतीलगतच्या रिकाम्या सतरंजीवर जाऊन, पाठ टेकून बसली आणि म्हणाली, “तुमी सगली तिकडं दारात काय करताव? हितं केवढी जागा हाय!” आई पदरात तोंड खुपसून हसली. बाबा नंतर कितीतरी दिवस म्हणत होते, “आपल्यात खरी फ्रान्सिसची कुणी असेल तर ती सुमन. तिला आपण धाकटे आहोत की थोरले, याची आठवणसुद्धा नसते.”

ते मला लागलं. लपवून काय करू आता? बाबांनी माझ्याबद्दल असं कधी म्हटलं नव्हतं, आणि मी तर धाकटेपणाचे सगळे प्रकार करत होते. चपला घालायच्या सोडल्या होत्या, साखर सोडली होती, वर्गात मुद्दाम शेवटच्या बाकावर बसत होते आणि कुणी विचारावं म्हणून वाट पाहत होते. कुणी विचारत नव्हतं. सुमनताई चपला घालायची, साखर खायची, आणि तरी बाबांना तीच खरी वाटायची. माझं तिच्यावर प्रेमही होतं, हे तितकंच खरं. ती माझ्या वेण्या घाली, मला “फिलू गो” अशी हाक मारी, आणि तिला पोरबाळ नव्हतं म्हणून माझ्यावर अंमळ जास्तच माया करी. प्रेम आणि मत्सर एकाच माणसाबद्दल एकाच वेळी कसे असतात हे तेव्हा मला कळत नव्हतं, आज कळतं, पण त्याने काही सुटका होत नाही.

मला सतरावं लागलं आणि सांगण्याला बसायची परवानगी मिळाली. त्याच वर्षी संताच्या सणाला सुमनताई वचन देणार होती. आंतोनने तिच्यासाठी स्वतः सागाच्या ढलपीतून टाऊ कोरून ठेवला होता, तो खिशात घेऊन हिंडे आणि दिसेल त्याला दाखवी. त्या वर्षी नवरात्र सणाच्या आधी आलं. एका सकाळी बाबा चष्मा घरी विसरून शाळेत गेले, म्हणून आईने मला किन्हवलीच्या गाडीने शेणव्याला पाठवलं. चष्मा देऊन मी परत गाडीच्या थांब्यावर येत होते. वाटेत गावदेवीचं देऊळ. देऊळ म्हणजे चार खांब आणि वर पत्रा, बाजूला आंबा. बायका ओट्या भरायला जमल्या होत्या. त्या घोळक्यात आंब्याखाली सुमनताई उभी होती. हातात नारळ, खांद्यावरून पदर, आणि समोर एक म्हातारी तिच्या कपाळाला कुंकू लावत होती. नुसतं बोट टेकवून नव्हे, चांगलं अंगठ्याने दाबून, भरभरून. मी थबकले. सुमनताईने मला पाहिलं. ती दचकली नाही की तिने तोंड लपवलं नाही. उलट तोंडभर हसली आणि ‘ये ना’ अशी हाताने खूण केली. आपलं माणूस दिसल्यावर करतात तशी. मी पाहिलंच नाही असं दाखवलं आणि गाडीत जाऊन बसले.

घरी येईपर्यंत माझं सगळं ठरलं होतं. लगेच जाऊन बाबांना सांगावं, असं नव्हे. ती चहाडी झाली असती आणि चहाडी करणारी मुलगी मी नव्हते. मी स्वतःची चूक सांगणार होते. आता हे लिहिताना हात थांबतो, पण जे झालं ते असं: मी चार दिवस एक वाक्य घडवत होते. विहिरीवर, झाडू मारताना, अंथरुणात. शब्द बदलून, पुन्हा लावून, त्यात माझ्या अपराधाची जागा नीट करून. हल्ली मेळ्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तरुण पोरं मला म्हणतात, “आंटी, नम्रतेवर दोन शब्द बोला ना.” मी गुडघ्याचं दुखणं पुढे करते. गुडघा दुखतो हे खरं आहे, पण कारण ते नाही.

सणाच्या आधीच्या रविवारी बैठक होती. सुमनताई नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून बसली होती, शेजारी आंतोन, खिशात टाऊ. आईने सांगितलं, बाबांनी सांगितलं, आंतोनने कुणाच्या तरी दरवाजाची फळी वाकडी बसवून तशीच सोडल्याचं सांगितलं. मग माझी पाळी. मी मान खाली घालून म्हणाले, “माझ्याकडून झालं. नवरात्रात मी शेणव्याला गेले होते. तिथे गावदेवीच्या देवळात आपल्यातली एक बहीण ओटी भरताना आणि कपाळाला कुंकू लावून घेताना मला दिसली. आणि मी मनातल्या मनात तिचा न्याय केला. ती वचनाला लायक नाही असं मी ठरवून टाकलं. मी असं ठरवणारी कोण? मला त्याचं फार वाईट वाटतं.” शेवटच्या शब्दाला माझा आवाज कापला आणि डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खोटं नव्हतं. इतक्या वर्षांनी मला त्याचीच जास्त भीती वाटते.

नाव मी घेतलं नव्हतं. पण मेळ्यात शेणव्याकडची होती तरी किती जणं? ‘आमच्याकडूनही होतं’ असं कुणी म्हणालं नाही. त्या घरात पहिल्यांदाच कुणी ते म्हणालं नाही. मग सुमनताई तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “माझ्याकडून झालं. मी गेलती. आय येते तितं. भाऊ घरात घेत नाय, पन देवीला जायला आयला तो अडवीत नाय. वरसातून एकदा तितं भेटते ती मला. दुसरीकडं नाय भेटत.” बस, एवढंच. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

“आमच्याकडूनही होतं,” बाबा एकटेच म्हणाले. मग आंतोनकडे पाहून ते पुढे म्हणाले, “आंतोन, मला ठाऊक होतं. तिच्या आईला दिवस कळवायचा निरोप मीच पोचवत होतो. लेक आईला भेटते, यात मला पाप दिसलं नाही. अजूनही दिसत नाही.” बाबांना वाटलं असेल की आपण सांगितल्यावर सगळं निवळेल. उलटंच झालं. आंतोनचा चेहरा इतका वेळ गोंधळलेला होता, तो आता दगडासारखा झाला. “म्हंजे तुमाला ठाऊक,” तो हळू म्हणाला. “या पोरीला ठाऊक. देवीला जमलेल्या बायांना ठाऊक. आन मला नाय. मास्तर, माझी आई या लग्नाला उभी राहत नव्हती. मी तिच्या पायावर हात ठेवून सांगितलं व्हतं, ही सगलं मागं सोडून आली म्हणून. आता घरी जाऊन काय सांगू?” तो सुमनताईला म्हणाला, “येत्या सणाला वचन नको. आन तिकडं परत जायचं नाय.” तिने मान हलवली. आंतोन वाईट माणूस नव्हता. चारचौघांत त्याला उघडं पाडलं होतं, आणि ते मी केलं होतं.

तरी जेवणं झाली, कारण भात झाला होता. आईने त्या दिवशी कुणाच्याही भाताखाली काही लपवलं नाही. जेवणानंतर सुमनताई भांडी घासायला मागच्या दगडावर बसली. मी जाऊन तिच्याजवळ उभी राहिले. मला वाटलं, ती आता बोलेल, रागावेल, एक थोबाडीत देईल. दिली असती तर किती बरं झालं असतं. ती थोडी सरकली आणि तिने मला दगडावर जागा करून दिली. “राख सार गो इकडं,” एवढंच म्हणाली. आम्ही दोघींनी सगळी भांडी घासली. संध्याकाळची मुरबाडची गाडी लागली तेव्हा ती आंतोनच्या मागून चालत गेली आणि स्टँडच्या वळणावर दिसेनाशी झाली.

बाबा पायरीवर बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि काही विचारायच्या आतच म्हणाले, “मी नाव घेतलं नाही. नियम मोडला नाही.” बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “तू तुझी चूक सांगितलीस की तिची?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “माझी.” ते म्हणाले, “मग सगळे तिच्याकडे का बघत होते, फिलू?” मी घरात जाऊन खूप रडले, आणि रडतानासुद्धा माझ्या मनात होतं की आईने हे ऐकावं.

त्यानंतर सुमनताई मेळ्यात येत राहिली. हसायची, पण आधीसारखं मोठ्याने नाही. पळसाच्या पानांतली भाजी यायची बंद झाली. ती भाजी माहेरच्या रानातून कुणीतरी तिला पोचवत असे, हे मला तेव्हा कळलं. पण जे मला सर्वांत खुपतं ते वेगळंच. ती आता दाराशी, चपलांजवळ बसू लागली. बाकीच्यांसारखी. आम्ही तिलाही शिकवलं होतं.

पुन्हा नवरात्र आलं. आंतोन काही विरघळला नव्हता. बाबा मला म्हणाले, “पाड्यावरून कळलंय, तिची आई आज देवीला येईल. दिवसभर उभी राहील. जा आणि तिला सांग.” मी म्हणाले, “तुम्ही रोज शेणव्याला जाता, तुम्हीच सांगा ना.” बाबा म्हणाले, “सांगू शकतो. पण हा निरोप माझा नाही. ती का आली नाही हे तूच सांगायचं, आणि खरं सांगायचं.” मी गेले. सुमनताईची आई त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली, पाड्यावरच, चार दिवसांच्या तापात. म्हणजे सुमनताईच्या बाजूने तिला शेवटचं भेटणारं माणूस मीच.

ती आंब्याखाली त्याच जागी होती. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि मान खाली घातली. मला तिच्याकडे बघवतच नव्हतं. तिच्या पायांच्या टाचा भेगाळलेल्या होत्या, आणि एका अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. “मास्तरांची लेक ना गो तू?” तिने विचारलं. “माझी कवा येयाची? मागल्या गाडीनं?” मी म्हणाले, “नाही येणार. तिला बरं नाही.” चार दिवस घडवलेलं वाक्य मला एकदा बोलता आलं होतं, हे साधं खरं मात्र जमलं नाही. ती म्हणाली, “बरं नाय? ताप हाय?” मी अंगठ्याच्या त्या चिंधीकडे बघत राहिले. मग तिचा आवाज एकदम बदलला, बारीक झाला. “काय गो,” तिने माझा हात धरून विचारलं, “दिस गेलेत काय तिला?” मी मान आणखी खाली घातली. लाजेने, शरमेने, काय म्हणायचं ते म्हणा. पण गोड बातमी विचारल्यावर आपल्याकडे मुली मान खाली घालतात, आणि त्याचा अर्थ सगळ्या बायकांना ठाऊक असतो. “अगं बया,” ती म्हणाली. “अगं बया माझे.” मला तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर तिचे पाय गर्रकन वळले, देवीकडे गेले, तिथून बाहेरच्या विक्रेतीकडे गेले आणि परत आले. तिने माझ्या हातात एक गाठोडं दिलं. म्हणाली, “तिला द्ये. आन तिला म्हनावं, आता येऊ नको एवड्या लांब. धक्के बसत्यात गाडीत. पोर घेऊन ये म्हनावं पुढल्या साली.”

मी शहापूरला उतरले नाही. तशीच मुरबाडच्या गाडीत बसले. आंतोन कामावर गेला होता, त्याची आई शेजारी. सुमनताई एकटीच ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी गाठोडं तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “तुझ्या आईने दिलंय.” तिने हात पदराला पुसले आणि गाठ सोडली. हिरव्या बांगड्या, नव्या भाताचे पोहे, घरची काकडी, आणि सगळ्यांत वर, कागदात, चिंचेचा मोठा गोळा. तिने तो उचलला. “ही कशाला दिली गो?” तिने विचारलं. मग मी सांगितलं, पहिल्यापासून सगळं. मी खोटं बोलले ते, तिने काय विचारलं ते, मी मान खाली घातली ते, आणि ‘पोर घेऊन ये’ हा निरोपही. मी म्हणाले, “मी उद्या परत जाते. तिला खरं सांगते. सुमनताई, मला शिव्या दे.”

तिने शिव्या दिल्या नाहीत. तिने चिंचेचा गोळा दोन्ही हातांत धरला होता, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मला वाचता येत नव्हतं. “नको जाऊ,” ती म्हणाली. मग थोडी पुढे झुकून, हळू, कुणी ऐकेल अशा धास्तीने तिने विचारलं, “आयला तसं वाटलं तवा... हसली काय गो ती?”

मला माहीत नव्हतं. मी वर पाहिलंच नव्हतं.